पेट्रोल इंजिन: दोरी ओढताना हाताला झटका, चालू इंजिनात पेट्रोल, शेडमधला धूर

पंपचालू:
साडेपाच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड पेट्रोल इंजिन आहे, त्याला थेट दोन इंची पाण्याचा पंप जोडलाय. तीन शंका आहेत.
१) सुरू करताना दोरी मधेच उलटी खेचली जाते, बोटांना जोराचा झटका बसतो.
२) टाकी दोन-अडीच तासांत संपते. इंजिन हळू करून, बंद न करता पेट्रोल भरलं तर चालेल का?
३) पावसात शेडमध्ये दार उघडं ठेवून चालवता येईल का?

फ्लायव्हील:
आधी झटक्याचं बघू. पिस्टन पूर्ण वर पोचण्याच्या थोडं आधीच, साधारण २० ते २५ अंश अलीकडे ठिणगी पडते. वेग असेल तर पिस्टन तसाच वर जाऊन पलीकडे उतरतो. दोरी अर्ध्या जोराने ओढली की तो वाटेतच रेंगाळतो, पेटलेलं मिश्रण त्याला मागे ढकलतं आणि दोरी हातासकट आत जाते.

त्यामुळे दोरी आधी अगदी हळू ओढायची. कॉम्प्रेशनचा दाब हाताला लागला की थांबायचं आणि तिथून पुढे एका दमात, सरळ रेषेत ओढायची. दोरीची मूठ फक्त बोटांत धरायची, दोरी हाताला गुंडाळायची नाही. सुरू झाल्यावर मूठ हातातून सोडून न देता सावकाश आत जाऊ द्यायची, नाहीतर रिकॉइलची, म्हणजे दोरी परत गुंडाळणारी स्प्रिंग तुटते.

पद्धत बरोबर असूनही झटका बसत असेल तर दोन जागा तपासा. पहिली फ्लायव्हीलची चावी, म्हणजे फ्लायव्हीलचं जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा. ती थोडी जरी कापली गेली तरी फ्लायव्हील शाफ्टवर सरकतं आणि ठिणगीची वेळ चुकते. इंजिन एकदम जाम झालं किंवा फ्लायव्हीलचा नट सैल राहिला की हे होतं. दुसरी जागा व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट. सुरू करताना दाब कमी व्हावा म्हणून कॅमशाफ्टवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरची) यंत्रणा एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. क्लिअरन्स वाढला की तो उचललाच जात नाही आणि दोरी जड होते. या आकाराच्या बऱ्याच ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनांत थंड असताना इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी ठेवतात, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम.

चोक (हवा अडवणारी झडप) जास्त वेळ लागलेला राहून इंजिन ओव्हर झालं, म्हणजे आत जास्त पेट्रोल गेलं असेल तर चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि चार-पाच वेळा ओढा. तरी नाही झालं तर प्लग काढून, कोरडा करून पुन्हा ओढा.

सुरक्षाआधी:
वरच्या शेवटच्या वाक्यात एक भर घालतो, कारण ती राहिली तर आग लागते. प्लग काढून दोरी ओढायची असेल तर इंजिनचा स्विच बंद हवा आणि प्लगची कॅप भोकापासून लांब हवी. भोकातून पेट्रोलची फवारणी बाहेर येते, शेजारी ठिणगी पडली की भडका.

चालू इंजिनात पेट्रोल: नाही. हळू केलेल्या इंजिनातही नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेते, ती हवेपेक्षा जड असल्याने खाली घरंगळते आणि सायलेन्सर टाकीपासून वीतभर अंतरावर असतो. इंजिन बंद करा, १०-१५ मिनिटं थांबा. कॅन जमिनीवर ठेवूनच भरून आणा, गाडीच्या प्लास्टिक तळावर ठेवून भरल्यास स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. टाकी काठोकाठ भरू नका, उष्णतेने पेट्रोल फुगतं. सांडलं तर पुसा, वाफ उडू द्या, मग दोरीला हात लावा. जवळ एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवा. पेटत्या पेट्रोलवर पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं.

शेडचं उत्तरही नाहीच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एक दार उघडं ठेवून तो पुरेसा बाहेर जात नाही. इंजिन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड माणसांकडे नको. वरून छत हवंच असेल तर चारही बाजू मोकळ्या हव्यात. पाणी खोल आहे म्हणून इंजिन खड्ड्यात किंवा विहिरीत उतरवणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. इंजिन बंद केल्यावरही तिथला वायू लगेच जात नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं जाणवलं तर आधी मोकळ्या हवेत या आणि डॉक्टर गाठा, इंजिनचं नंतर.

पंपचालू:
धन्यवाद. अजून एक. १५-२० मिनिटं नीट चालून इंजिन बंद पडतं. टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालतं. मग झाकण सैलच ठेवू का?

फ्लायव्हील:
सैल नका ठेवू, थरथरीने पेट्रोल उडून गरम सायलेन्सरवर पडेल. झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल उतरत नाही. झाकण काढून लांब न्या, साफ करा, नाही निघालं तर बदला. झाकण नीट झाल्यावरही थांबत असेल तर ऑइल बघा. बऱ्याच इंजिनांत पातळी उतरली की सेन्सर ठिणगी तोडतो, आणि इंजिन तिरकं असेल तर पुरेसं ऑइल असूनही तोडतो. अशा छोट्या इंजिनात बहुधा ऑइलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनखालच्या दांड्याचा) चमचाच ऑइल उडवतो, म्हणून जागा सपाट लागते. या मापाच्या इंजिनात साधारण ६०० मिली १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल बसतं. बऱ्याच मॉडेलमध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची असते. जास्त भरलं तर निळा धूर येतो.

गव्हर्नरदादा:
पाण्याला जोर कमी वाटतो म्हणून गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणू नका. ही इंजिनं साधारण ३६०० आरपीएमपर्यंत चालवायची असतात. त्यापुढे अॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) फोडून बाहेर येतो. आधी एअर फिल्टर बघा. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा, थोडं ऑइल लावून पिळा. पेट्रोलने धुऊ नका. कागदी फिल्टरला ऑइल लावायचं नाही.

आणि पंपात पाणी भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, कोरड्या पंपाचं मेकॅनिकल सील (शाफ्टजवळ पाणी गळू न देणारा भाग) काही मिनिटांतच जळतं. पंप उघडून आतला पंखा साफ करायचा असेल तर आधी प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा. पंखा हाताने फिरवला तरी क्रँक फिरतो, आणि गरम इंजिन तेवढ्यानेही सुरू होऊ शकतं.