जुनी नोट म्हणजे लॉटरी? कृपा करा!

नोटवेडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘अमेरिकन नॅशनल बँक नोट घरात सापडली तर लॉटरीच!’ डोकं सणकलं. अहो, १९२९ च्या मालिकेतली तपकिरी शिक्क्याची, न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची मळकी दहाची नोट शंभर डॉलरला विकतानाही नाकी नऊ येतात. वय नका बघू, नोट काढणाऱ्या बँकेचं गाव बघा. १८६३ ते १९३५ मध्ये बारा हजारांवर बँकांच्या नावाने या नोटा निघाल्या. आयोवातल्या एखाद्या खेड्यातल्या बँकेच्या दोन-तीनच उरल्या असतील, तर फाटकीलाही भाव.

चिकित्सक: दोन-तीनच उरल्या हे मोजलं कुणी? ‘ठाऊक असलेल्या’ दोन-तीन म्हणा. उद्या कुणाच्या तिजोरीतून गठ्ठा निघाला की आपटलात तोंडावर.

जर्सीकर: गाव-बिव सोडा. माझी १९०२ ची मोठ्या आकाराची दहाची नोट, खाली कॅशियरची शाईतली सही. घडी जावी म्हणून रुमाल ठेवून हलकी इस्त्री केली. नोटांचा व्यापारी म्हणाला, ‘निम्मी किंमत गेली.’ लुटारू!

नोटवेडा: इस्त्री?? ती नोट होती की लेंगा?

जर्सीकर: हसा! हेच लोक स्वतः नोटा धुऊन, दाबून, कडक करून विकतात. ते चालतं?

मीनाताई: चालत नाही. प्रतवारीवाले, म्हणजे नोटेची अवस्था तपासून गुणांचा आकडा देणाऱ्या कंपन्या, पकडतात आणि शेरा मारतात. सही फिकी पडली म्हणून वरून गिरवतात तेही कळतं.

चिकित्सक: प्रतवारीवाले! पैसे घेऊन प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतात, वर आकडा चिकटवतात. लोक नोट नाही, आकडा विकत घेतात. माझीच एक नोट दोनदा पाठवली, दोनदा वेगळा आकडा.

मीनाताई: मग पाठवली कशाला दुसऱ्यांदा? आकडा वाढेल म्हणूनच ना?

चिकित्सक: ...तो मुद्दा नाही.

जर्सीकर: एक सांगा, बँक बुडाली असेल तर नोट रद्दी ना?

नोटवेडा: नाही हो. बँकेने सरकारी रोखे तारण ठेवल्यावरच नोटा मिळायच्या. बँक बुडाली तरी सरकार पैसे द्यायचं, आजही दर्शनी किमतीला चालते. तुमची इस्त्रीवालीसुद्धा.

जर्सीकर: आभारी आहे. म्हणजे दहा डॉलर नक्की.

चिकित्सक: गठ्ठ्याचं उत्तर राहिलंय, नोटवेडा.

नोटवेडा: बरं बाबा, गठ्ठा निघाला तर पडतो भाव. माझ्या पेनसिल्व्हेनियाच्या नोटेचं तेच झालं. झालं समाधान?