मुरमात खोदलेलं शेततळं झिरपतंय: काळी माती की प्लास्टिकचा कागद?

बदनापूरकर: शेततळं 30×30×3 मीटर, उतार 1:1. वरचा मीटरभर काळी, खाली मुरूम. सप्टेंबरअखेर काठोकाठ होतं, आता रोज 4 सेंमी उतरतंय. मोसंबीचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) धरायचा तर जानेवारीपासून पाणी पाहिजे, तोवर तळ दिसेल. तळाला काळी माती दाबून भागेल की कागदच टाकावा? टाकला तर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा?

पाणीमोजणी: भाऊ, आधी बाष्पीभवन वेगळं काढा. काठाच्या उथळ पाण्यात दगड घालून बादली ठेवा, आत-बाहेर पाणी एका पातळीला आणा. चार दिवसांनी बादलीतलं 2 सेंमी आणि तळ्यातलं 16 उतरलं, तर 14 झिरपलं. तळं काठोकाठ असताना 1 सेंमी म्हणजे 9 हजार लिटर, हिशोब तुम्हीच करा. आणि रोजची उतरण लिहून ठेवा. पातळी एका रेषेला येऊन थबकली तर गळती त्या रेषेच्या वर, कडेच्या मुरमाच्या पट्ट्यात आहे. मग तळाला कितीही माती दाबा, फुकट.

काळीची_माती: मातीचं अस्तर करता येतं, पण तुमच्या तळ्यात नाही. दाबून 30 सेंमी जाडी लागते, तीही 15-15 सेंमीच्या दोन थरांत, वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना), ढेकळं फोडून, रोलर फिरवून. नुसत्या तळालाच 60 ब्रासच्या (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) वर माती जाईल. 1:1 च्या कडेवर ती थांबत नाही, पहिल्याच भरण्याला घसरते. त्यात काळी ओली असेपर्यंतच पाणी धरते. उन्हाळ्यात तळं आटलं की बोट जाईल अशा भेगा, आणि जूनचं पहिलं पाणी सरळ मुरमात.

अस्तरवाला: कागदच टाका. 500 मायक्रॉनचा विणलेला, लॅमिनेट केलेला एचडीपीई (एक टिकाऊ प्लास्टिक), आयएस 15351 या भारतीय मानकाचा शिक्का बघून. माप: तळ 24 मीटर, दोन्ही कडांचा तिरपा उतार 4.25 प्रमाणे साडेआठ, कागदाच्या कडा पुरायच्या चरासाठी दोन्हीकडे दीड-दीड. म्हणजे 35.5×35.5, साधारण 1,260 चौरस मीटर. कारखान्यातूनच एकसंध जोडून आणा.

कागद पातळ असल्यामुळे क्वचित फाटतो, खालच्या तयारीमुळे फाटतो. मुरमाचे टोकदार खडे वेचा, कडा धुमसून घ्या, वर चाळलेल्या मातीचा 5-7 सेंमी थर द्या. लव्हाळा आणि हराळी गाठीसकट काढा. लव्हाळ्याचा कोंब दाभणासारखा वर येतो आणि 500 मायक्रॉनलाही भोक पाडतो. वरच्या काळ्या थरात तो हमखास असतो.

काठापासून 60 सेंमी सोडून 45×45 सेंमीचा चर. कागद सकाळी लवकर पसरा, ताणू नका, घड्या राहू द्या. दुपारच्या उन्हात सैल दिसतो म्हणून ओढला की रात्री आकसून कोपऱ्यात उचलतो. फूट-दीड फूट पाणी भरल्यावरच चर बुजवा.

येव्याच्या (पाणी आत येण्याच्या वाटेच्या) तोंडाशी 2×1×1 मीटरची गाळटाकी आणि तिथून पाइपनं पाणी आत. नाल्याचं पाणी थेट कडेवर सोडलं तर पहिल्याच वळवात खालची माती वाहून जाते.

विहीरवाला: एक विचारतो, तळ्याच्या खालच्या अंगाला तुमची विहीर आहे का? असेल तर झिरपणारं थोडंफार तिथंच येतं, कागदाची घाई नको. आणि अस्तर केल्यावर बोअरचं पाणी आणून तळं भरू नका. भूजल उपसून उन्हात वाळत घालण्याचा तो धंदा आहे.

बदनापूरकर: विहीर वरच्या अंगाला आहे, उपयोग नाही. पावसाळ्यात कागद फुग्यासारखा वर येतो म्हणतात, ते का? आणि भोक पडलं तर फेविकॉल-टेप चालते का?

अस्तरवाला: जुलैत आजूबाजूची जमीन भरते, पाणी कागदाखाली शिरतं. वर वजन नसेल तर फुगतो, एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असतं. मे महिन्यात शेवटचं फूट-दीड फूट पाणी उपसू नका, तेवढं वजन कागद दाबून धरायला मदत करतं. फुगलाच तर भोसकू नका, पाणी भरत जा.

एचडीपीईला साधा गोंद धरत नाही. त्याच कागदाचा तुकडा, भोकाच्या चारी बाजूंनी 15 सेंमी जास्त, जागा पुसून कोरडी करून गरम हवेच्या गननं चिकटवा. मोटर तळावर घसटत ठेवू नका, तराफ्यावर बांधा. आणि कुंपण करा, सोबत आत दोरीला हवा भरलेली ट्यूब बांधून सोडा. ओल्या कागदावरून माणूसही वर येऊ शकत नाही.