म्हैस पान्हा चोरते ती लबाडीने की दुःखाने?

काटोल_रोड_गोठा
रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. कास टम्म भरलेली, पण चार धारांपुढे दूध नाही. मग 'लबाड आहे' म्हणून कोणी दांडा उचलतो, कोणी पान्हा सोडवायची ऑक्सिटोसिनची सुई. माझ्या मते हे दुःख आहे, आणि ते तसं मानलं तर दूधही जास्त निघतं. सडाला हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेतले बारीक स्नायू आवळले जातात आणि दूध खाली येतं. गाईला मिनिटभर पुरतं, म्हशीला दोन-तीन मिनिटं लागतात. कासेच्या खालच्या पोकळीत तिचं जेमतेम 5 टक्के दूध असतं, बाकी सगळं वर अडकलेलं. मारलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं हात दुखवण्यात जातात.

पुरावा_दाखवा
यंत्रणा बरोबर सांगितली भाऊ, पण त्यात दुःख कुठून आलं? मेलेल्या रेडकाच्या कातड्यात तणस भरून समोर ठेवा, तीच म्हैस चाटते आणि पान्हवते. जन्मताच, चाटू न देता रेडकू दूर नेलं तर पहिल्या दिवसापासून त्याच्याविना दूध देते. सवयीची खूण मिळाली की पान्हा, नाही मिळाली की नाही. ब्रिटनमध्ये 2009 साली 516 गोपालकांच्या प्रश्नावलीतून निघालं की नावाने हाक मारलेल्या गाई वर्षाला 258 लिटर जास्त देतात. ते इथेही सगळे सांगत फिरतात. जो नाव ठेवतो तो चारापाणीही जपतो. दूध कशाने वाढलं ते प्रश्नावली कसं सांगणार?

जनावरांची_डॉक्टर
नावाबद्दल पटलं. कातड्याबद्दल नाही. म्हैस पिल्लाला ओळखते ती मुख्यतः वासावर. तो वास व्यायल्यावर चाटताना मनात बसतो, आणि कातड्याला तोच असतो. गेलेल्या माणसाचा फोटो पाहून डोळे भरले तर तो कागदाला फसला असं कोणी म्हणत नाही. चाटूच दिलं नाही तर नातंच जुळत नाही, मग तुटणार काय?

आणि पान्ह्याशी संबंध नसलेला पुरावाही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वासरांना शिकवलं की पडद्याचा एक रंग दिसला तर दूध मिळतं, दुसरा दिसला तर नाही. मग मधल्या छटा दाखवल्या. आईपासून तोडल्यावर वासरं त्या छटांकडे कमी वेळा गेली. तापल्या लोखंडाने शिंगं जाळल्यानंतरही असंच झालं होतं. 2014 साली हे प्रसिद्ध झालं. छटा त्याच होत्या, वासराची आशा घटली होती.

पुरावा_दाखवा
वासरांना वाईट वाटलं, मान्य. पण आई गेली की पिणं, झोपणं, सोबत सगळंच बदलतं. नेमकं कशाने वाटलं ते पडदा सांगत नाही. गोठ्यात भीती मोजा, ती मोजता येते. 1999 च्या एका प्रयोगात गाईंशी आडदांड वागलेला माणूस धार काढताना नुसता जवळ उभा केला, तर कासेत मागे राहिलेलं दूध सुमारे 70 टक्क्यांनी वाढलं. जनावर माणूस ओळखतं आणि त्याचं वागणं लक्षात ठेवतं, हे मी नाकारतच नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. नवतप्यात पारा 45 वर गेला की म्हशीचं दूध तसंही आटतं. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी. तेव्हा आधी धार काढून झाल्यावर कास दाबून पाहा. सैल असेल तर दूध तयारच झालेलं नाही, सावली, पाणी आणि ढेप बघा. घट्ट असेल तरच ती चोरतेय.

हिंगणा_दूध
ही परीक्षा नोंदवून ठेवण्यासारखी आहे जी. कास घट्ट निघाली तर असं करा: माणूस तोच, वेळ तीच, दोन धारांत बारा तासांचं अंतर. आधी अंगावर पाणी, मग गव्हाणीत ढेप. कोमट पाण्याने कास धुऊन दोन मिनिटं चोळा, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात, आणि मग मुठीने सात मिनिटांत संपवा. अंगठा मुडपून ओढू नका, सडाला इजा होते. कुत्रं, अनोळखी माणूस लांब. सुई तर नकोच. रोज दिली की म्हैस तिच्याविना सोडेनाशी होते, आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 12 खाली दुधासाठी अपायकारक सुई हा गुन्हा आहे.

पुरावा_दाखवा
यातल्या एकाही पायरीला 'दुःख' हा शब्द लागला नाही.

जनावरांची_डॉक्टर
लागतो, जन्मतःच तोडायचं ठरवता तिथे. म्हशीला त्रास कमी होतो, खरं. पण रेडकाला पहिल्या दोन तासांत चीक हवा, दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर, दोन-तीन वेळा विभागून. रेडी असेल तर पाजतात. रेडा असेल तर बहुतेक गोठे हात आखडतात, आणि तो आठवड्यात हगवणीने जातो. त्याला भूक आणि भीती दोन्ही कळतात, त्यासाठी पडद्याचा प्रयोग तुम्हीच मान्य केलात. मग त्याचा चीक कोणाच्या हिशेबात धरायचा, ते लिहा.

पुरावा_दाखवा
धार काढणाऱ्याच्या. पहिले पाच दिवस चीक विकायचाच नाही, रेडा असो की रेडी. इथे आपलं एक आहे.