हिमस्खलन, हिमकडा, हिमप्रपात आणि ‘ट्रिगर’ला मराठी शब्द

रानवाटा: उत्तराखंडातल्या ७ फेब्रुवारी २०२१ च्या चमोली दुर्घटनेवर लिहिते आहे. जुन्या बातम्यांत त्या एकाच घटनेला हिमस्खलन, हिमकडा कोसळणे, हिमनदी फुटणे अशी तीन नावं दिसली. हे सगळं एकच का? आणि हिमस्खलनाच्या ‘ट्रिगर’ला ‘कारण’ लिहिलं तर चालेल?

कडेकपारी: एकच नाही. उतारावर साचलेला बर्फ घसरून खाली आला की हिमस्खलन. हिमपात म्हणजे नुसती बर्फवृष्टी. हिमप्रपात आइसफॉलला म्हणावं, म्हणजे हिमनदी उभ्या उतारावरून तडकत उतरते तो भाग, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूसारखा. ती जागा आहे, घटना नव्हे. हिमकडा हा शब्द सियाचिनला चपखल बसतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फाची भिंतच कोसळली आणि दहा जवान गेले.

चमोलीत रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ एकत्र सुटला, त्यात सुमारे ८० टक्के खडक. सह्याद्रीतल्या माणसाला यासाठी ‘दरड’ हा घरचा शब्द आहे. ‘हिमनदी फुटली’ हे हिंदीतल्या ‘ग्लेशियर टूटा’वरून उचललेलं दिसतं.

शब्दखूळ: ‘ट्रिगर’ला ‘निमित्त’ लिहा. कारण वेगळं, निमित्त वेगळं. हा भेद आपण रोज बोलण्यात पाळतो.

कारण बर्फाच्या थरांत दडलेलं असतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, वर कडाक्याची थंडी. आतल्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ चढतो, वाऱ्याने आडोशाच्या बाजूला आणखी साठतो आणि घट्ट पाटी तयार होते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला की तयारी पूर्ण. याहून उभ्या उतारावर बर्फ फार साठतच नाही, थोडाथोडा गळून जातो.

मग निमित्त काहीही पुरतं: आणखी हातभर बर्फ, पाऊस, दुपारचं ऊन, वरून तुटलेला बर्फाचा सज्जा, नाहीतर एखाद्या स्कीवाल्याचं वजन. तो कमजोर थर एका जागी मोडला की तडा भराभर पसरतो. स्कीइंग-गिर्यारोहणातल्या बहुतेक जीवघेण्या घटनांत निमित्त झालेला माणूस त्यात सापडलेलाच असतो, किंवा त्याचा सोबती.

पायवाट: ओरडल्याने बर्फ कोसळतो म्हणतात ते?

शब्दखूळ: सिनेमात. आवाजाचा दाब त्याला फारच अपुरा असतो. रस्ते आणि स्की-उतार मोकळे ठेवायला मुद्दाम बर्फ पाडतात तिथे स्फोटकं वापरावी लागतात.

कडेकपारी: ‘निमित्त’ मला जरा हलकं वाटतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळच्या भूकंपाने पुमोरी शिखराकडून बर्फ सुटला आणि एव्हरेस्टचा बेस कॅम्प उद्ध्वस्त झाला. एवढ्या मोठ्या भूकंपाला निमित्त म्हणायचं?

शब्दखूळ: तिथे सरळ ‘भूकंपामुळे’ लिहा. निमित्त लहान असतं आणि त्याच्या मानाने परिणाम भलताच मोठा, हा अर्थ शब्दात मुरलेला आहे. भूकंपाला तो शोभत नाही, स्कीवाल्याला शोभतो.

रानवाटा: मग वारा कुठे घालू? रात्रभर बर्फ आणून टाकतो तेव्हा कारण, आणि त्याच भाराने पहाटे उतार सुटला तर निमित्तही तोच.

शब्दखूळ: दोन्हीकडे. वाक्य बघून ठरवा.