प्रतिसाद: हल-डेकच्या सांध्यातली गळती

तुमच्या जुन्या फायबरच्या शिडाच्या होडीत हल-डेकच्या सांध्यातून, म्हणजे खालचं कवच (हल) आणि वरचा भाग (डेक) जिथे बोल्टने जोडलेत तिथून, पाणी येतंय, म्हणून पावसाआधी बाहेरून सिलिकॉन मारू का, असं विचारलंत. कृपा करून मारू नका. सिलिकॉन एकदा बसलं की त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. गोव्यात शापोऱ्याला आमच्या होडीवर आधीच्या मालकाने तेच केलं होतं. दोन रविवार नुसतं खरवडण्यात गेले.

आधी गळती नेमकी शोधा. पाणी शिरतं एकीकडे, टपकतं भलतीकडे. केबिनची झाकणं, खिडक्या बंद करून ब्लोअरने आत हवा भरा आणि सांध्यावर बाहेरून साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथे खडूने खूण करा.

मग तिथले बोल्ट काढून पाहाच. आमच्या एका बोल्टचं डोकं चकचकीत होतं, पण मधे, जिथे ओल अडकून राहते तिथे, तो खाऊन निम्मा झाला होता. स्टेनलेस हवेशिवाय ओलीत असंच सडतं. नवे ३१६ ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या स्टेनलेसचे घाला. भोकांच्या कडा किंचित तिरक्या तासा, म्हणजे डोक्याखाली सीलंटची (फट बुजवणाऱ्या लगद्याची) अंगठी बसते. अ‍ॅसिटोनने पुसून पॉलियुरेथेन सीलंट भरा, पण पुढे उघडता येईल असंच. कायमचं चिकटणारं नको. पहिल्यांदा हलकेच आवळा, नाहीतर सगळं सीलंट बाहेर येतं. सुकल्यावर बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवा.

हे मे महिन्यातच उरका. एकदा पाऊस लागला की सांधा आतून कोरडा होत नाही.