मदत हवी आहे: बॉर्डर-इमेजच्या जोडांवर बारीक रेघ

नागपूरच्या इतवारीतल्या संत्रा बर्फीच्या दुकानाचं वेब पेज करतोय, त्याला वेलबुट्टीची चौकट हवी आहे. ती सीएसएसच्या (वेब पेजची मांडणी ठरवणारी भाषा) बॉर्डर-इमेजने, म्हणजे चित्राचे तुकडे कडेला लावून, काढतोय. चित्र ९० × ९० पिक्सेलचं पीएनजी, बॉर्डर ३० पिक्सेल, स्लाइस, म्हणजे चित्र कडेपासून किती आत कापायचं तो आकडा, नुसता ३० (पुढे पीएक्स हे एकक जोडलं की अख्खी ओळच रद्द होते). तुकडा ताणणाऱ्या स्ट्रेचने वेलीची पानं लांबट होतात, तुकडा नुसता पुन्हा पुन्हा लावणाऱ्या रिपीटने ती कोपऱ्याशी अर्धी कापली जातात, म्हणून तुकडे पूर्ण बसतील असा त्यांचा आकार बदलणारा राउंडच पाहिजे. पण १२५ टक्के झूमवर तुकड्यांच्या जोडांत पारदर्शक रेघ दिसते. बहुधा तुकड्याची रुंदी अपूर्णांकात जात असावी. एसव्हीजीने (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र) हे सुटेल, की २७० पिक्सेलचं पीएनजी घेऊन स्लाइस ९० करू?

शिवाय कोपरे गोल करणाऱ्या बॉर्डर-रेडियसने मागचा रंगच गोल कापला जातो, चौकट चौकोनीच राहते. मास्क (नको तो भाग झाकणारा आकार) लावावा का? जेपेग सुचवू नका, त्यात पारदर्शकता नसते.