अकराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १३.४, तरी लोहाचं टॉनिक घेऊ का?

घणसोलीकर:
पहिलटकरीण आहे. डॉक्टरांनी सध्या फक्त फोलिक ॲसिड दिलंय. सासूबाई मात्र मेडिकलमधून रक्तवाढीचं टॉनिक घेऊन आल्यात. इतक्या मायेने देतात की नको म्हणवत नाही. पण सुरुवातीला लोह जास्त असेल तर पुढे बीपी वाढतं असं वाचलं आणि धास्तीच बसली. माझ्या वेळी आईलाही बीपी होतं. काय करू?

कळव्याची सिस्टर:
गरोदर बायकांच्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टॉनिक आत्ता नको. सरकारी कार्यक्रमातही ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासूनच सुरू होते, रोज एक, १८० दिवस.

तू वाचलंस ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. सुरुवातीला हिमोग्लोबिन किंवा फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) चढं असलेल्या बायकांमध्ये पुढे बीपीचा त्रास जास्त दिसला, असं काही अभ्यासांत आलंय. म्हणून लोहानेच बीपी वाढवलं असं ठरत नाही. दिवस गेल्यावर रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि हिमोग्लोबिन थोडं उतरतं. ते उतरायलाच हवं. पुढच्या महिन्यांतही चढंच राहिलं, तर रक्त हवं तसं पातळ होत नाहीये का, हे डॉक्टर बघतात. फेरिटिन तर अंगात साधा संसर्ग असला तरी वाढतं.

मला खरी काळजी वाटते ती असं काही वाचून गोळ्या सोडणाऱ्यांची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया होता. अशा बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर हाताशी वेळच उरत नाही. तेव्हा चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी दिली की मुकाट्याने घे.

आईच्या बीपीचं डॉक्टरांना सांगितलंस का? पहिली खेप आणि आईला त्रास, या दोन्ही गोष्टी धरून काही जणींना कमी डोसची ॲस्पिरिन देतात. ती साधारण १२ ते १६ आठवड्यांत सुरू करतात, म्हणजे विचारायची वेळ आत्ताच आहे. मनाने घेऊ नकोस.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बस. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून उतरून, जिना चढून आलेल्या बाईचं लगेच मोजलं की आकडा फसवतो. कुर्त्याची घट्ट बाही वर गुंडाळू नकोस, दंड मोकळा हवा. १४०/९० किंवा वर गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

ऐरोलीची आई:
माझी एक भर. गोळी सुरू झाली की ती चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबरही नको, दोन तासांचं अंतर ठेव. लिंबूपाण्याबरोबर चालते. आणि सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत ने. माझ्या सासूबाईंनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच ऐकलं.

घणसोलीकर:
सिस्टर, आत्ताच आईला फोन केला. तिला तेव्हा लघवीतून प्रोटीनही जात होतं, म्हणूनच मी आठव्या महिन्यात झाले म्हणे. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच दवाखान्यात जाते.